कुत्रीला डायबेटिस निघालाय, पण सगळं नर्सच समजावते. तिच्यावर किती विसंबायचं?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉर मादीला डायबेटिस निघाला, डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि ‘बाकीचं सिस्टरकडून शिकून घ्या’ म्हणाले. घरच्यांना ही टाळाटाळ वाटतेय. मी इंदूरला पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात हेच काम करते, तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं असणारच. पण यात टाळाटाळ काही नाही. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. तो डोस बारा-बारा तासांनी, रोज, तुमच्या हातून नीट जाईल हे बघणं आमचं, आणि त्यालाच वेळ जास्त लागतो. साखर आटोक्यात येत नसली की लोक डोसला दोष देतात. बऱ्याचदा गडबड सिरिंजची, फ्रीजची, नाहीतर घरातल्याच कुणाच्या लाडाची असते.

आधी सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक मिलीला ४० युनिटच्या असतात, पेनचे कार्ट्रिज १०० च्या. सिरिंजही दोन प्रकारच्या: सहसा लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन दहाच्या रेघेपर्यंत भरलंत तर अंगात पंचवीस युनिट जातात. उलट झालं तर दहाऐवजी चारच. मेडिकलवाले ‘एक ही बात है भाभीजी’ म्हणून जी असेल ती हातात ठेवतात. म्हणून मी पहिल्या भेटीला बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन यायला सांगते. तुम्हाला कुणी हे विचारलं नसेल तर आजच दोन्हींवरचा आकडा वाचून घ्या.

मग टोचणं. आधी साधं सलाईन भरून माझ्यासमोर टोचायला लावते. बरगड्यांवरची सैल कातडी चिमटीत वर उचलायची आणि त्या उचललेल्या घडीच्या पायथ्याशी सुई घालायची. नवख्यांची सुई हटकून पलीकडून बाहेर येते. मग तिथले केस ओले लागतात आणि फिनाइलच्या जातीचा वास येतो. असं झालं तर किती आत गेलं ते कळत नाही, तरीही दुसऱ्यांदा टोचायचं नाही. पुढच्या वेळी नेहमीचा डोस. एखादा डोस हुकल्याने सहसा काही बिघडत नाही, पण दोनदा गेला तर जिवावर बेततं. जागा रोज बदला. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन सरळ टाकून द्यायचं.

वेळ ठरवताना घराची रीत बघा. इथे काही कुटुंबं रात्री दहाला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खायला निघतात. त्यांना मी आठ-आठची वेळ देते, कारण दहाची कधीच पाळली जात नाही. आधी जेवण, मग सुई. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून ती ताटलीला तोंड लावत नसेल तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका, दवाखान्यात फोन करा. डगमगायला लागली, थरथरली, बावचळल्यासारखी झाली तर साखर उतरलीय असं समजून हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, बोटंही दातांपासून दूर ठेवा, आणि लगेच निघा.

एक वही करा: जेवण, डोस, पाणी, वजन. पाणी मोजून भांड्यात घालायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी मोजायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पीत असेल, म्हणजे तीस किलोची कुत्री तीन लिटरच्या वर, तर साखर अजून ताब्यात नाही. डॉक्टर आधी ही वहीच मागतात, निदान मागायला हवी.

ज्या घरात आजोबांनाही डायबेटिस असतो तिथे वेगळीच पंचाईत. ‘माझी ११० आणि हिची २२० कशी चालते?’ चालते. कुत्र्याची साखर दिवसातला बराचसा वेळ १०० ते २५० मध्ये राहिली तरी पुष्कळ झालं. शिवाय माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्यांत सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. आजोबांच्या गोळ्या तिला देऊ नका. तिच्या शरीरात इन्सुलिनच बनत नाही, गोळ्या काय करणार? आणि ‘शुगर फ्री’ लिहिलेलं काहीही चारण्याआधी त्यात झायलिटॉल आहे का बघा, ते कुत्र्यांना विषारी असतं. गुपचूप दिलेल्या पेढ्याचं मी आता बोलणं सोडलंय, फक्त म्हणते, वहीत लिहा.

तिचं गर्भाशय काढलेलं नसेल तर तो विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढा. माजानंतरच्या हार्मोनमुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही. डोळ्यांचंही विचारा, डायबेटिस झालेल्या बहुतेक कुत्र्यांना मोतीबिंदू होतो.

आता विसंबण्याचं. ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या नर्सची रीतसर नोंदणी असते. आपल्याकडे कुणी डिप्लोमा केलेलं, कुणी डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेलं. १९८४ चा भारतीय पशुचिकित्सा परिषद कायदाही डिप्लोमावाल्यांना किरकोळ सेवाच करू देतो, त्याही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तेव्हा सर्टिफिकेटपेक्षा हे बघा: तिने स्वतः टोचून दाखवलं की तुमच्याकडून टोचून घेतलं? ‘दोन युनिट वाढवा’ असं नर्स फोनवर स्वतःच्या मनाने सांगत असेल तर ऐकू नका, मग ती मी असले तरी. आणि उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटलं, तोंडाला नेलपेंट रिमूव्हरचा वास यायला लागला, तर नर्सच्या फोनची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट डॉक्टरांकडे न्या.