ब्रिस्टल बेच्या लॉजवर सामनसाठी जायचंय? आधी आठवडा ठरवा, मग लॉज

प्रश्न असा होता: अलास्कात ब्रिस्टल बे भागात, जिथे रस्ता पोचत नाही अशा लॉजवर चौघांनी आठवडाभर सामन पकडायला जायचंय, गळाची थोडीफार सवय आहे, तर लॉज कोणता निवडावा आणि सोबत काय न्यावं?

लॉजच्या नावाआधी तारीख पक्की करा. सामन मासा नदीत कायम राहत नाही. समुद्रातून झुंडीनं चढतो आणि अंडी घालून मरतो. लॉज कितीही उत्तम असला तरी आठवडा चुकला की हाती काही लागत नाही. सामनच्या जातीनुसार आठवडे वेगळे: किंग सामन जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, सॉकाय जूनअखेर ते जुलैचा तिसरा आठवडा, कोहो ऑगस्टभर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. जगातली सॉकायची सगळ्यात मोठी झुंड इथेच येते. २०२२ मध्ये सुमारे ७.९ कोटी मासे आले होते. नुशागाक नदीतल्या किंगची संख्या मात्र अलीकडे घटली आहे आणि ऐन हंगामात बंदी किंवा मर्यादा येऊ शकते. म्हणून केवळ किंगच्या भरवशावर पैसे भरू नका. पहिल्याच सहलीसाठी माझं मत जुलैच्या पहिल्या पंधरवड्याला. काठी वाकवून ताकदीनं झुंजणारा मासा हवा असेल आणि गर्दी नको असेल, तर ऑगस्टचा मध्य आणि कोहो.

लॉजला विचारायचे प्रश्न मोजकेच: एका गाइडमागे किती पाहुणे, रोज बोटीनं जायचं की विमानानं, मासे साफ करून व्हॅक्यूम पॅक करणं भाड्यात धरलंय का, आणि हवामानामुळे विमान अडकलं तर जादा रात्रींचे पैसे कोण भरणार. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात. अँकरेजहून डिलिंगहॅम किंवा किंग सामन गावापर्यंत मोठं विमान जातं, पुढे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ते वैमानिकाला समोरचं दिसत असेल तरच उडतं. ढग खाली आले की थांबतं. परतीचं पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, मध्ये निदान एक रात्र ठेवा.

छोट्या विमानात माणशी साधारण २३ किलो सामान चालतं, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग आत बसत नाही. काठी चार तुकड्यांची घ्या. अस्वलासाठीचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाही, ना हातातल्या सामानात, ना चेक-इनमध्ये. तो तिथे पोचल्यावर विकत घ्या आणि वैमानिकाला आधीच सांगा. तो सहसा केबिनबाहेर, फ्लोटच्या (विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या खालच्या पोकळ भागाच्या) कप्प्यात ठेवतो. डीईईटी हे रसायन असलेलं डासांचं औषध लावल्यावर हात पुसूनच फ्लाय लाइनला (पिसं-धाग्यांचं हलकं नकली आमिष, म्हणजे फ्लाय, फेकायच्या जाड दोरीला) हात लावा, नाहीतर तिचा प्लॅस्टिकचा थर खराब होतो. डासांपेक्षा तिथल्या बारीक काळ्या माश्या जास्त छळतात, म्हणून डोक्यावरची जाळी विसरू नका.

आता सॉकाय, कारण नवख्यांचं गणित इथेच चुकतं. हा मासा समुद्रात मुख्यतः बारीक प्लवक खातो आणि नदीत शिरल्यावर खाणं जवळपास बंद करतो. आमिषामागे तो धावत नाही. प्रवाहाविरुद्ध जाताना तो तोंड उघडमीट करतो, दोरी त्या तोंडातून सरकते आणि गळ जबड्याच्या कडेला लागतो. काठी ८ वजनाची (हा फ्लाय काठीच्या ताकदीचा क्रमांक, किलो नव्हे), गळाला जोडलेली शेवटची दोरी २० ते २५ पौंडांची आणि सुमारे चार फुटांची. तिच्या वर शिशाचं वजन इतकंच, की ते तळाच्या दगडांना टिकटिक करत जाईल. सारखं अडकत असेल तर वजन कमी करा; टिकटिक अजिबात जाणवत नसेल तर वाढवा. या एका दुरुस्तीनं निम्मे प्रश्न सुटतात. फेक दहा-पंधरा फुटांचीच. सॉकाय काठालगत गुडघाभर पाण्यातून चढतो आणि उत्साही माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाठीमागून जाणारे मासे उधळतो. पाठीत किंवा शेपटीत गळ लागलेला मासा कायद्यानं लगेच सोडावा लागतो, त्यामुळे उगाच जोरजोरात हिसके देऊ नका.

कोहो वेगळा. तो संथ पाण्यात, बाजूच्या कालव्यासारख्या फाट्यांत थांबतो आणि गुलाबी रंगावर तुटून पडतो. ४ किंवा ५ नंबरचा स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं धातूचं पातं लावलेलं आमिष) नाहीतर जळूसारखी दिसणारी गुलाबी लीच फ्लाय पुरते. लागल्यावर तो गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो, म्हणून चांगलं बेअरिंगवालं स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) लावा.

परवाना अलास्काच्या मासे व वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. किंगसाठी वेगळा स्टॅम्प लागतो. किती मासे ठेवायचे ते नदीनुसार बदलतं आणि तातडीचे आदेश मध्येच निघतात. निघायच्या आदल्या दिवशी ते वाचा आणि तिथे पोचल्यावर गाइडला पुन्हा विचारा.

अस्वल दिसलं की मासेमारी थांबवा. मासा गळाला असताना ते जवळ येऊ लागलं तर दोरी कापा. माशाची फडफड त्याला बोलावते, आणि एकदा माणसाकडून मासा मिळाला की ते पुढच्या माणसाकडेही येतं. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडायची सवय इथे अजिबात नको.

मासा ठेवायचा असेल तर पहिली दहा मिनिटं सगळं ठरवतात. डोक्यावर एक नेमका घाव घाला, लगेच दोन्ही कल्ले कापा आणि थंड पाण्यात धरून रक्त वाहू द्या. रक्त आत राहिलं की मांसाला वास लागतो आणि फ्रीझरमध्ये तो वाढतो. चंदेरी मासाच ठेवा. लालसर झालेल्याचं मांस फिकट आणि मऊ पडतं. फिले (काट्यांवरून सोडवलेले मांसाचे लांब तुकडे) पॅक करण्यापूर्वी कोरडे टिपा. ओल राहिली तर पिशवीचं तोंड नीट चिकटून बंद होत नाही आणि हवा शिरते. २.७ किलोच्या सॉकायमधून साधारण दीड किलो फिले निघतो, त्यावरून किती खोकी लागतील ते काढा. विमानात सुका बर्फ माणशी २.५ किलोपर्यंतच आणि तोही विमान कंपनीची परवानगी घेऊन. फिले पूर्ण घट्ट गोठलेले असतील तर बहुतेकदा त्याची गरजच पडत नाही. त्यासाठी त्यांना पूर्ण एक दिवस फ्रीझर मिळाला पाहिजे, म्हणून शेवटच्या दिवशीचे मासे सोडून द्या किंवा रात्री तिथेच शिजवा.