आधी आईचे कान, मग तिची सही

या सदराच्या जुन्या वाचकांनी हसून घ्यावं, आज पुन्हा कानांचाच विषय आहे. पत्र खरं तर घराच्या कागदपत्रांबद्दल आलंय. पण न विचारलेला एक प्रश्न मला त्यात दिसला, आणि आजची बरीचशी जागा तोच खाणार आहे.

पत्रातला मजकूर असा: 'आई ७९ वर्षांची. ती आणि मोठा भाऊ घरी राहतात. दादाला लहानपणी पोलिओ झाला, तो कुबड्या घेऊन चालतो. आईला हल्ली सांगितलेलं लक्षात राहत नाही. व्हिडिओ कॉलवर नुसती हसते आणि हो हो म्हणते. माझी मुलगी बोलायला आली की फोन दादाच्या हातात देऊन उठून जाते. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणाची सुरुवात असेल. या सुट्टीत येऊन बक्षीसपत्राने घर माझ्या नावावर करून घ्यावं म्हणतो, म्हणजे तिला कोणी फसवणार नाही. दादाचं कायदेशीर पालकत्वही घेऊन टाकतो.'

तुमची काळजी खरी आहे. अपरात्री फोन वाजला की आपण सगळेच आधी घड्याळ बघतो आणि मग धडधडत्या छातीने फोन उचलतो. पण नात बोलायला आली की आजी उठून जाते, हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि तसेच पुढे गेलात. मी तिथेच थांबले. नातीचा कंटाळा येणारी आजी मी फारशी पाहिलेली नाही. लहान मुलीचा बारीक, उंच आवाज ऐकू न येणाऱ्या आज्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत.

वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा ते सगळं सारखं कमी होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. 'साठ' आणि 'आठ' एकच वाटायला लागतात. म्हणून ही माणसं म्हणतात, 'आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत.' घरच्यांना वाटतं, पलीकडच्या खोलीतली कुजबूज बरी ऐकू येते! साधा फोन तर ३०० ते ३४०० हर्ट्झ (हे आवाजाच्या पट्टीचं माप) एवढाच आवाज पोचवायचा अशा हिशेबाने घडत आला आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा बरा असतो, पण ओठ आणि शब्द मागेपुढे होतात, चित्र अडकतं आणि इकडून आपण चौघं एकदम बोलतो. मग 'काय म्हणालास?' असं किती वेळा विचारणार? आपल्यामुळे मुलाचा वेळ जातो म्हणून आई हसते आणि हो हो म्हणते. तुम्ही ते विसराळूपणाच्या खात्यात टाकता.

माझ्या बाबांचं हेच झालं होतं. सगळे हसले की ते क्षणभर उशिरा हसायचे, आणि हसताना आमच्या तोंडाकडे बघत. आम्ही म्हणायचो, बाबा तिरसट झालेत, बोलण्यात लक्षच नसतं. डॉक्टरांनी मान खाली घालून, कागदावर लिहिता लिहिता विचारलं, 'आज वार कोणता?' बाबा म्हणाले, 'दार? बंदच आहे.' डॉक्टरांनी आमच्याकडे सूचक नजरेने पाहिलं. आत्या तेव्हा सोबत होती. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. तिने खुर्ची ओढली, बाबांच्या समोर बसली आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. बाबांनी वार सांगितला, तारीख सांगितली, वर 'तुम्ही मला वेडा समजता का' असंही सुनावलं. स्मरणशक्तीच्या चाचणीतले बरेच प्रश्न तोंडी असतात. जो ऐकलाच नाही, त्याचं उत्तर कोण बरोबर देणार?

तुमच्या आईंना विसराळूपणा नाहीच, असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करायला मी डॉक्टर नाही. दोन्ही असू शकतं. शिवाय दोन्हींचा संबंधही आहे. डिमेन्शियाच्या, म्हणजे विसराळूपणाच्या आजाराच्या, ज्या १४ जोखमींवर काही इलाज करता येतो, त्यांची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये दिली, तिच्यात ऐकू कमी येणं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीपुढच्या दर चार माणसांत एकापेक्षा जास्त जणांना रोजच्या व्यवहारात अडेल इतपत कमी ऐकू येतं. तरी चष्मा आपण हौसेने निवडतो आणि कानाचा विषय निघाला की 'आता या वयात कशाला' म्हणतो.

तेव्हा सुट्टीतलं पहिलं काम नोंदणी कार्यालयात नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की भागतं. नाहीतर ऑडिओमेट्री करून घ्या, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख काढणारी तपासणी. तो आलेख हातात आला की स्मरणशक्तीची तपासणी पुन्हा करायला सांगा, आईला नीट ऐकू येईल अशा बेताने. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आणि म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून हेच काम करताहेत. पण त्यासाठी तिथवरच जायला हवं असं नाही, बऱ्याच शहरांत ही तपासणी करणारे ऑडिओलॉजिस्ट असतात. एक मात्र लक्षात असू द्या: एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर सुट्टीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

श्रवणयंत्र आणून कानात बसवलं की झालं, असंही समजू नका. पहिले काही आठवडे पंखा घरघरतो, भांडी कानठळ्या बसवतात, स्वतःचाच आवाज परका वाटतो. पुष्कळ यंत्रं याच दिवसांत टेबलाच्या खणात जातात. आवाज कमीजास्त करून घ्यायला पुन्हा जावं लागतं, आणि घरात कोणीतरी मागे लागावं लागतं. आमच्या बाबांनी टापटिपीची हौस म्हणून पाकिटातल्या सगळ्या बॅटऱ्यांवरचे रंगीत कागद एकदमच सोलून ठेवले. त्या बॅटऱ्या हवा लागली की चालू होतात आणि वापरा न वापरा, उतरत जातात. सगळ्या वाया! बोटं थरथरत असतील तर चार्ज होणारं यंत्रच घ्या.

आणि तुमचं बोलणं सुधारा, रागावू नका. ओरडलं की शब्द आणखी फाटतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, टीव्ही बंद करून, एका वेळी एकानेच बोलायचं. बोललेलं मराठी अक्षरांत दाखवणारी ॲपं फोनवर आहेत, ती दादांना लावून द्यायला सांगा. नातीला सांगा, आजी 'काय?' म्हणाली की 'काही नाही, जाऊ दे' हे शब्द वापरायचे नाहीत. त्या चार शब्दांनी म्हातारं माणूस घरात असून घराबाहेर पडतं.

आता बक्षीसपत्र. एकीकडे तुम्ही म्हणता आईला कळत नाही, दुसरीकडे तिचीच सही मागता. तिला कळत नसेल तर ती सही टिकणार नाही. कळत असेल तर तिला विचारल्याशिवाय हे ठरवणारे आपण कोण? नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पण ही अट सिद्ध व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असंही म्हटलं, तरी आईला म्हातारपणी या कायद्याखालच्या प्राधिकरणाची पायरी कशाला चढायला लावायची? ऐकू यायला लागल्यावर तिला वाटलं तर मृत्युपत्र करेल. ते हवं तेव्हा बदलता येतं. आणि तिचा वकील तिचा असू दे, तुमचा नको.

दादांचं पालकत्व? कशासाठी? पाय अधू आहेत, डोकं आणि सही शाबूत आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ सांगतो की अपंगत्व आहे म्हणून कायद्यापुढे माणूस कमी ठरत नाही. संपूर्ण पत्रात आईला रोज कोण बघतं याबद्दल एक ओळ नाही, आणि जो बघतो त्याला तुम्ही पालक शोधताय! आईनंतर त्या घरात त्यांनी कुठे राहायचं, हे त्यांनाच विचारा. बक्षीसपत्राच्या बेतात त्यांचं नावही नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की पोलीस असल्याचं सांगून कोणीतरी आईला फोनवर धमकावलं. फोनवरूनच अटक केल्याचं सांगतात ती 'डिजिटल अटक', असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला की ठेवून द्यायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर कळवायचं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. दोन्ही आकडे दादांनी मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवावेत. तपासणीची वेळही त्यांनाच घ्यायला सांगा, तुमचं विमान उतरेपर्यंत थांबू नका.