सोटोचे ७६.५ कोटी, पीट रोज आणि कर्ट फ्लडचं राहून गेलेलं नाव

तुमचे प्रश्न दोन. बेसबॉलपटू हुआन सोटोला न्यूयॉर्कच्या मेट्स क्लबने १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले, हे अति होत नाही का? आणि सट्टेबाजीमुळे घातलेली बंदी उठल्यानंतर पीट रोजला आता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर मंडळींच्या मानाच्या यादीत, घ्यावं की नाही? दोन्हींची उत्तरं देतो. पण ती देताना, ट्रेड नाकारून मालकांविरुद्ध कोर्टात गेलेल्या कर्ट फ्लडबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दर हिवाळ्यात ट्रेड (क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल) आणि करारांवर आपण इतकं बोलतो, त्यात या माणसाचं नाव निघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी पैशांचं. वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०२२ मध्ये सोटोपुढे १५ वर्षांचे ४४ कोटी ठेवले होते. तो नको म्हणाला. मग त्यांनी त्याला सॅन डिएगोला ट्रेड केलं आणि सॅन डिएगोने डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजना. दोन्ही वेळा त्याची संमती लागली नाही, कारण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. साधारण तीन वर्षांनी पगारासाठी लवादाकडे जाता येतं, पण कुठे खेळायचं ते क्लबच ठरवतो. सोटोची सहा वर्षं भरली २०२४ च्या सीझनअखेर, आणि तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. या वयाचा, या दर्जाचा बॅटर खुल्या बाजारात क्वचितच येतो. मेट्सनी त्याची किंमत मोजली. मी मेट्सवाला आहे म्हणून बाजू घेतोय असं समजू नका. हा पैसा तिकिटांतून आणि टीव्हीच्या हक्कांतून येतो. खेळाडूला दिला नाही तर तो मालकाकडे राहतो, तिकीट काही स्वस्त होत नाही.

जपानी खेळाडू शोहेई ओतानीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स क्लबशी झालेल्या त्याच्या ७० कोटींच्या करारात ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार आहेत, तेही बिनव्याजी. खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख. त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या (पगारांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की क्लबने भरायचा कर) हिशेबात तो वर्षाला सुमारे ४.६ कोटींनाच धरला जातो आणि क्लबला बाकीचे खेळाडू घ्यायला वाव राहतो. ही कल्पना खुद्द ओतानीच्या बाजूने आली होती. स्वतःच्या कराराचा आकारच खेळाडूने ठरवायचा, ही गोष्ट १९६९ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

तेव्हा करारात रिझर्व्ह क्लॉज असायचा. करार संपला की क्लब त्याच अटींवर तो आणखी एक वर्ष वाढवू शकतो, असं त्यात लिहिलं होतं. मालक त्याचा अर्थ लावत की वाढवलेल्या करारातही तेच कलम आलं, म्हणून पुन्हा एक वर्ष, पुन्हा एक वर्ष, खेळाडू निवृत्त होईपर्यंत. वर सुप्रीम कोर्टाने १९२२ मध्ये बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिलेली होती. म्हणजे दाद मागायची सोयही नाही.

फ्लड सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. १९६३ पासून सलग ७ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचा पुरस्कार), १९६६ च्या अख्ख्या सीझनमध्ये एकही एरर (फील्डिंगमधली चूक) नाही, १९६४ आणि १९६७ अशा दोन वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये सकाळी त्याच्या घरी फोन वाजला. तुला फिलाडेल्फियाला ट्रेड केलंय, एवढाच निरोप. एका क्लबला १२ वर्षं दिलेल्या माणसाला हे सांगायला जनरल मॅनेजरसुद्धा फोनवर आला नाही, ऑफिसमधल्या मधल्या फळीतल्या एकाने ते काम उरकलं.

या ट्रेडमध्ये फिलाडेल्फियाकडून निघालेला मुख्य खेळाडू होता डिक ॲलन. तिथले प्रेक्षक ॲलनवर इतक्या वस्तू फेकत की तो फील्डिंग करतानाही बॅटिंगचं हेल्मेट घालून उभा राहायचा. एक कृष्णवर्णीय खेळाडू ज्या शहरातून सुटायला धडपडत होता, तिथे दुसऱ्याला पाठवलं जात होतं.

फ्लड खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्विन मिलर याच्याकडे गेला. मिलरने त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं की खटला जवळपास हरल्यात जमा आहे, आणि जिंकलास तरी तुला पुन्हा कुणी नोकरी देणार नाही. फ्लडने विचारलं, याचा बाकीच्या खेळाडूंना उपयोग होईल का? होईल, आणि पुढे येणाऱ्यांनाही, असं मिलर म्हणाला. फ्लडला तेवढं पुरलं. २४ डिसेंबर १९६९ ला त्याने लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं: मेजर लीगमध्ये १२ वर्षं काढल्यावर, माझ्या इच्छेला न विचारता विकली-खरेदी केली जाणारी मालमत्ता मी आहे असं मला वाटत नाही. त्याचा पगार होता ९० हजार डॉलर, त्या काळात भरपूर. लोकांनी त्याला तोच टोमणा मारला. भरपूर पगाराचा गुलाम हाही गुलामच, हे त्याचं उत्तर.

१९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला उभा राहिला. माजी खेळाडू जॅकी रॉबिन्सन साक्षीला आले, हँक ग्रीनबर्ग आले. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच लागतं. खटला त्यांच्यासाठीच चालला होता, पण मालकांच्या भीतीने कोर्टात येऊन बसायचीही कुणाची हिंमत झाली नाही. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात फ्लड ५-३ असा हरला. तोवर त्याची कारकीर्द संपलीच होती. १९७० मध्ये एकही सामना नाही, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने, मग देश सोडून युरोप.

तो हरला, पण खटल्याने मालकांना हलवलं. १९७० च्या सामूहिक करारात तक्रारींसाठी तटस्थ लवाद आला. १९७३ मध्ये नियम झाला की १० वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची ५ एकाच क्लबकडे झाली असतील, तर खेळाडू ट्रेड नाकारू शकतो. आज याला कर्ट फ्लड नियम असंही म्हणतात. आणि डिसेंबर १९७५ मध्ये त्याच लवादाच्या खुर्चीवर बसलेल्या पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात निकाल दिला की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. रिझर्व्ह क्लॉजची ताकद तिथेच गेली. १९७५ मध्ये सुमारे ४५ हजार डॉलर असलेला सरासरी पगार १९८० मध्ये १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला. सोटो २६ व्या वर्षी मोकळा झाला तो याच वाटेने.

आता हॉल ऑफ फेम. ॲलनचं नाव दोनदा एका मताने हुकलं. २०२० मध्ये तो गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवडला गेला. मिलर २०१२ मध्ये गेला, त्याची निवड २०१९ मध्ये झाली. उशिरा का होईना, दोघे आत आहेत. ज्या ट्रेडमुळे हे सगळं सुरू झालं त्यातला फ्लड अजून बाहेर आहे. बेसबॉल लेखकांच्या मतदानात त्याला कधी १६ टक्केही मिळाले नाहीत, लागतात ७५. त्याच्या विरोधातला मुद्दा मला माहीत आहे: बॅटिंगची .२९३ ची सरासरी चांगली आहे पण हॉलच्या दर्जाची नाही, आणि १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात नॉर्थरप या बॅटरचा उंच उडालेला चेंडू त्याच्याकडून हुकला होता. मान्य. पण वयाच्या ३१ व्या वर्षी त्याने उरलेली वर्षं सोडून दिली, ती त्याच्या आकड्यांत येणार कुठून? आणि मतदानाच्या निकषांत खेळाइतकाच सचोटी आणि चारित्र्याचाही उल्लेख आहे. उत्तेजकांचा संशय असलेल्या बाँड्स आणि क्लेमेन्सना अडवायला हे शब्द इतकी वर्षं वापरले, मग कुणाला आत घ्यायला ते वापरायला काय हरकत आहे? २०२० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या शंभरावर सदस्यांनी फ्लडसाठी हॉलला पत्र लिहिलं होतं. तरी काही झालं नाही.

पीट रोजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ४,२५६ हिट्सचा मान कुणी काढून घेत नाही. पण मॅनेजर असताना त्याने स्वतःच्याच टीमच्या सामन्यांवर पैसे लावले, आणि २००४ मध्ये ते कबूल केलं. सामन्यांवर पैसे लावायचे नाहीत हा नियम प्रत्येक क्लबहाउसमध्ये भिंतीवर लावलेला असतो. मे २०२५ मध्ये कमिशनरनी त्याचं नाव बंदीच्या यादीतून काढलं, कारण तो सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. नाव काढल्यामुळे त्याचा गुन्हा पुसला जात नाही. आणि हेही लक्षात घ्या की १९७८ च्या डिसेंबरात रोजने सिनसिनाटी सोडून फिलाडेल्फियाशी चार वर्षांचा सुमारे ३२ लाखांचा करार केला, तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा खेळाडू म्हणून. ती वाट फ्लडच्या लढ्यापासून सुरू झाली होती.

माझी काळजी वेगळीच आहे. १९८० पूर्वीच्या खेळाडूंचा विचार करणारी समिती आता डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. यादीत आठ नावं, १६ सदस्य, निवडीला १२ मतं, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन नावांवर खूण करता येते. रोज यादीत आला तर सगळी चर्चा आणि बरीच मतं तोच खाणार. फ्लडला मुळात त्या आठांत जागा मिळणंच अवघड होईल. त्याआधी १ डिसेंबर २०२६ ला खेळाडू आणि मालकांमधला सध्याचा करार संपतोय आणि पगारावर मर्यादा घालायची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. फ्लड कोण होता हे नव्या खेळाडूंनी याच काळात वाचायला हवं.

मला तीन मतं असती तर पहिलं फ्लडला. दुसरं पिचर टॉमी जॉनला: २८८ विजय, आणि १९७४ मध्ये त्याच्या कोपरावर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे आज कितीतरी पिचर खेळतायत. तिसरं आणखी एक पिचर लुईस टियांटला, २२९ विजयांसाठी. तोही २०२४ मध्ये गेला. तुमची तीन मतं कुणाला, ते लिहा.