के१०बी, टू केडी, ४९७: इंजिनाचा कोड वाचायचा कसा

आपल्या नाशिकच्या सातपूरहून एक प्रश्न आलाय आणि प्रश्न इतका चांगला आहे की दोन ओळीत उत्तर देणं बरोबर होणार नाही. विचारणाऱ्यांनी सेकंड हँड वॅगन आर बघितली, डीलर म्हणतो "के१०बी आहे, डोळे झाकून घ्या", मेहुणे म्हणतात "घ्यायची तर के१०सी वालीच घे". त्यात भावाच्या इनोव्हाला मेकॅनिक "टू केडी" म्हणतो आणि शेजाऱ्यांच्या फॉर्च्युनरला "वन केडी", मग इनोव्हा दोन लिटरची आणि फॉर्च्युनर एक लिटरची असं कसं? थोडक्यात, हे कोड वाचायला काही नियम आहे का.

नियम आहे, पण सगळ्यांना मिळून एक नाहीये. प्रत्येक कंपनीचं कोड लिहायचं व्याकरण वेगळं, आणि सगळा घोळ होतो तो कोडातल्या आकड्यामुळे, कारण आपण आकडा दिसला की तो सीसी किंवा लिटर धरून मोकळे होतो. प्रत्यक्षात तो आकडा एका कंपनीत लिटर सांगतो, दुसरीत सिलिंडर, तिसरीत सिलिंडरचा व्यास, चौथीत हॉर्सपॉवर आणि कुठेकुठे नुसता क्रम सांगतो, हे इंजिन त्या घराण्यातलं कितवं एवढंच. म्हणून कोड समोर आला की आधी कंपनी कुठली ते बघायचं आणि मग आकडा काय मोजतोय ते.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढू, कारण "इंजिनचा कोड" ह्या नावाखाली लोक दोन-तीन भलत्या गोष्टी बोलतात. इंजिन नंबर म्हणजे त्या एकाच इंजिनाचा स्वतःचा नंबर, आरसीवर असतो, इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य धडावर, ठोकलेला असतो. कोड म्हणजे त्या जातीच्या सगळ्या इंजिनांचं नाव. बऱ्याच कंपन्या इंजिन नंबराची सुरुवातच कोडने करतात, मारुतीच्या आरसीवर इंजिन नंबर बघा, सुरुवातीला के१०बी किंवा के१२एम दिसेल आणि मग पुढे लांबलचक आकडे. चॅसी नंबर हा तिसराच, १७ अक्षर-आकड्यांचा, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. आणि स्कॅनर लावल्यावर पी०३०० वगैरे येतं त्याला पण गॅरेजात "कोड आला" म्हणतात, पण तो बिघाडाचा कोड, पी म्हणजे पॉवरट्रेन (इंजिन आणि गिअरबॉक्स), त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असलेला कोड, आणि ०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. ०३०१ आलं तर मिसफायर पहिल्या सिलिंडरला. त्याचा इंजिनाच्या जातीशी काही संबंध नाही.

आता मारुती. सुझुकीची पद्धत सगळ्यात सरळ आहे असं माझं मत. पहिलं अक्षर घराणं, मधला आकडा लिटरचा दहावा भाग, शेवटचं अक्षर आवृत्ती. आडनाव, मग माप, मग स्वतःचं नाव असं समजा. एफ८ म्हणजे एफ घराणं, ०.८ लिटर. मारुती ८०० चं एफ८बी आणि आल्टोचं एफ८डी, दोन्ही ७९६ सीसी, दोन्ही तीन सिलिंडर. मग फरक काय? एफ८बीला सिलिंडरमागे २ व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा), एफ८डीला ४, म्हणजे सहा व्हॉल्व्ह आणि बारा व्हॉल्व्ह. हेडच, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्हवाला भागच, वेगळा. दुकानात "आठशेचं हेड गॅसकेट द्या" म्हणालात आणि शेवटचं अक्षर सांगितलं नाही तर चुकीचा पार्ट हातात येणार, आणि म्हणून शेवटच्या अक्षराला कमी लेखू नका असं मी प्रत्येकाला सांगत असतो.

पुढे झेनचं जी१०बी ९९३ सीसी, एस्टीमचं जी१३ १२९८ सीसी, ईकोचं जुनं जी१२बी ११९६ सीसी, मग के घराणं आलं, के१०बी ९९८, के१२एम ११९७, के१४बी १३७३, के१५बी १४६२. आकडा ढोबळ असतो हे लक्षात ठेवा. जुन्या वॅगन आरचं एफ१०डी १०६१ सीसी आहे, स्विफ्ट डिझेलचं डी१३ए १२४८ सीसी आहे. पहिल्यात वरचे ६१ सोडून दिले, दुसऱ्यात वर ढकलून १३ केलं. म्हणजे अचूक सीसी हवी असेल तर आरसीच बघायची, कोडावरून अंदाज येतो फक्त.

तुमच्या वॅगन आरचं सांगायचं तर के१०बी आणि के१०सी दोन्ही ९९८ सीसी, तीन सिलिंडर. वॅगन आरला के१०बी २०१० मध्ये आलं आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी के१०सी आलं. हे के१०सी ड्युअलजेट आहे, एका सिलिंडरला इंधन फवारणारे दोन इंजेक्टर. पण इथे एक खाच आहे, आणि मेहुण्यांना पण सांगा, की नुसतं "के१०सी" म्हणून भागत नाही. सेलेरिओ-वॅगन आरमधलं साधं विनाटर्बोचं इंजिन के१०सी आणि फ्राँक्समधलं १ लिटरचं टर्बो बूस्टरजेट तेही के१०सी. टर्बो आहे की नाही हे सुझुकीच्या ह्या तीन-चार अक्षरांत कुठेच लिहिलेलं नसतं. तसंच सिलिंडर किती हेही नसतं. स्विफ्टचं के१२एम चार सिलिंडरचं, नंतरचं के१२एन चार सिलिंडरचं, आणि २०२४ च्या नव्या स्विफ्टमधलं झेड१२ई हे तीन सिलिंडरचं. तिन्हीत १२, तिन्ही ११९७ सीसी, फक्त घराण्याचं अक्षर बदललं तिथे सिलिंडर एक कमी झाला. म्हणून "१.२ चं इंजिन आहे" एवढ्यावर गाडी घेऊ नका, पूर्ण कोड विचारा.

टोयोटाची जुनी पद्धत ह्याच्या बरोबर उलटी. तिथे आकडा पहिला येतो आणि तो लिटर सांगत नाही, तो नुसता क्रम. २केडी म्हणजे केडी घराण्यातलं दुसरं इंजिन, १केडी म्हणजे पहिलं. इनोव्हाचं २केडी-एफटीव्ही २४९४ सीसी आहे आणि फॉर्च्युनरचं १केडी-एफटीव्ही २९८२ सीसी, म्हणजे एक नंबरवालं मोठं. पुढची पिढी पण तशीच, २०१६ च्या फॉर्च्युनरचं १जीडी २७५५ सीसी आणि इनोव्हा क्रिस्टाचं २जीडी २३९३ सीसी. शिर्डी-त्र्यंबक करणारे ड्रायव्हर "टू केडी", "टू जीडी" असंच म्हणतात, आणि ते नाव तोंडात बसलंय ते बरंच आहे, कारण इनोव्हाच्या बदलत्या रूपांना टाइप वन, टाइप फोर म्हणायच्या भाषेपेक्षा त्याने पार्ट बरोबर मिळतो.

टोयोटाची खरी मजा मात्र डॅशनंतर आहे. तिथली अक्षरं इंजिनाचे गुण सांगतात. एफ म्हणजे काटकसरीच्या बेताचं ट्विन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्टवालं) हेड, जी म्हणजे जोरदार कामगिरीसाठीचं ट्विन कॅम हेड, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, टी म्हणजे टर्बो, व्ही म्हणजे कॉमन रेल डिझेल, ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं. आता २केडी-एफटीव्ही वाचून बघा, केडी घराण्यातलं दुसरं, एफ हेड, टर्बो, कॉमन रेल डिझेल. इटिऑसचं २एनआर-एफई वाचा, टी नाही म्हणजे टर्बो नाही, व्ही नाही म्हणजे डिझेल नाही, ई आहे म्हणजे इंजेक्शनचं पेट्रोल. एकदा हे जमलं की न बघितलेल्या इंजिनाबद्दल पण चार गोष्टी सांगता येतात, आणि इतकं बोलणारा कोड दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मला तरी माहीत नाही.

नव्या इंजिनांना मात्र टोयोटानेच नियम बदललाय. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडचं एम२०ए-एफएक्सएस, इथे अक्षर आधी आणि २० म्हणजे २ लिटर, १९८७ सीसी. एक्स म्हणजे हायब्रिडसाठीचं. हायरायडर हायब्रिडचं एम१५डी-एफएक्सई, १४९० सीसी, आणि हेच इंजिन मारुतीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडमध्ये आहे. उलट टोयोटाच्या ग्लान्झात सुझुकीचं के१२एन आहे. म्हणजे बोनेटवरचा लोगो एका घरचा आणि आतलं इंजिन दुसऱ्या घरचं, ते ओळखायला कोडच कामाला येतो.

ह्युंदाईचं पटकन सांगतो. पहिलं अक्षर इंधन, जी पेट्रोल आणि डी डिझेल, जी का तर पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात म्हणून. पुढचा आकडा सिलिंडर. जी४एलए म्हणजे पेट्रोल, चार सिलिंडर, कॅपा घराणं. जी३एलसी म्हणजे तेच घराणं तीन सिलिंडरचं, व्हेन्यूचं १ लिटर टर्बो. डी३एफए म्हणजे तीन सिलिंडरचं डिझेल, ग्रँड आय१० मधलं. इथे ४ बघून लिटर शोधायला गेलात तर फसाल.

टाटाच्या कोडांवर माझा जरा जास्त जीव आहे, कारण इथे कागद-पेन घेऊन हिशोब करता येतो. ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर तोच. सुमोचं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ बोअर. इंडिकाचं ४७५ म्हणजे चार सिलिंडर, ७५ बोअर. आता ४७५ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर, ७९.५ मिलिमीटर, तर ३.१४१६ भागिले ४, गुणिले ७.५ चा वर्ग, गुणिले ७.९५, गुणिले ४ करा, बरोबर १४०५ सीसी येते, जी इंडिकाच्या कागदावर आहे तीच. ४९७ चा स्ट्रोक १०० धरून केलं की २९५६ येते. जुन्या मेकॅनिक लोकांना हे तोंडपाठ असतं, रिबोअरिंगचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून परत कापायचं, काम आलं की कोडातच मूळ बोअर लिहिलेला असतो ना. महिंद्राच्या जुन्या जीपमधलं प्युजोचं एक्सडीपी ४.९० पण ह्याच पठडीतलं, चार सिलिंडर, ९० बोअर, ८३ स्ट्रोक, २११२ सीसी.

ह्यात ट्रकचे आकडे मिसळू नका बरं का. आग्रा रोडला जे २५१८ लिहिलेले टाटा दिसतात तो इंजिनाचा कोड नाही, मॉडेलचा आकडा आहे, २५ टन एकूण वजन आणि १८० हॉर्सपॉवर.

महिंद्रा तर आपल्या घरचीच, स्कॉर्पिओ नि बोलेरो नाशकात बनतात आणि इगतपुरीला कंपनीचा इंजिन प्लांट आहे. तिथे एमहॉक ह्या डिझेल इंजिनांच्या नावापुढचा आकडा हॉर्सपॉवर असतो. एमहॉक ७५ बोलेरोचं, १४९३ सीसी. एमहॉक १२० स्कॉर्पिओचं, २१७९ सीसी. एमहॉक १४० पण २१७९ सीसीच, नुसती ताकद वाढवलेली. म्हणजे नाव एक, आकडे वेगळे, आणि आकड्यावरून साईज कळत नाही.

नाशिकचाच अजून एक नमुना म्हणजे लोगन. २००७ मध्ये महिंद्रा-रेनॉची लोगन नाशकातच बनायला लागली, रेनॉ बाजूला झाल्यावर तिचीच व्हेरिटो झाली. तिच्या डिझेलला के९के, पेट्रोलला के७जे आणि के७एम. रेनॉच्या कोडात एकही लिटरचा आकडा नाही, माप शेवटच्या अक्षरात लपवलेलं. जे म्हणजे १.४, के म्हणजे १.५, एम म्हणजे १.६. डस्टरचं पेट्रोल के४एम, ते पण १.६, पण मधला ७ जाऊन ४ आला कारण ते १६ व्हॉल्व्हचं. आणि के९के तर डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा, सगळीकडे आहे, त्यामुळे व्हेरिटोवाल्याला पार्ट मिळत नाही असं वाटलं तर के९के सांगून विचारावं, इंजिनाच्या आतल्या बऱ्याच पार्टला त्याने वाट सापडते.

फोक्सवॅगन-स्कोडामध्ये मात्र अर्थ शोधत बसू नका. ईए२११ ह्या त्यांच्या इंजिन घराण्याच्या नावातलं ईए हे जर्मन शब्दाचं लघुरूप, त्याचा अर्थ "विकासाचं काम" असा, म्हणजे २११ हा प्रकल्पाचा नंबर. आणि इंजिनावरचा जो खरा तीन-चार अक्षरांचा कोड असतो त्यातून काही वाचता येत नाही, तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा.

शेवटी बोलण्यातल्या वापराबद्दल, कारण मूळ प्रश्नात "माझी सीआरडीआय आहे का डीडीआयएस" असंही विचारलंय. हे दोन्ही कोड नाहीतच, ही विक्रीची नावं. ह्युंदाईचं सीआरडीआय, महिंद्राचं सीआरडीई, टाटाचं डायकोर, मारुतीचं डीडीआयएस, टोयोटाचं डी-फोर-डी, रेनॉचं डीसीआय, आणि सगळ्यांच्या पोटात कॉमन रेलच. आपल्याकडे त्यातलं सीआरडीआय हे सगळ्यांसाठीच रूढ झालंय, बोलेरोवाला पण म्हणतो "सीआरडीआय घेतली". बोलायला काही हरकत नाही, पण पार्ट मागताना त्याने काहीच कळत नाही. उलट फियाटचं १२४८ सीसीचं एकच डिझेल इंजिन फियाटमध्ये मल्टिजेट, टाटाच्या व्हिस्टात क्वाड्राजेट आणि स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने विकलं गेलं. डिकीवरची तीन नावं वाचून तीन इंजिनं वाटतात.

तर तुमच्या वॅगन आरपुरतं: डीलरकडून आरसीचा फोटो मागवा, इंजिन नंबराची पहिली चार अक्षरं बघा, मग बोनेट उघडून ब्लॉकवर ठोकलेला नंबर त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळवा. जुळला नाही तर इंजिन बदललेलं असू शकतं, आणि बदललेलं इंजिन पेठ रोडच्या आरटीओत आरसीवर चढवलंय का ते आधी विचारा, पैसे नंतर. जुळला आणि के१०बी निघालं तरी घाबरायचं कारण नाही, चांगलं इंजिन आहे ते, फक्त ते के१०सी म्हणून आणि के१०सीच्या भावात विकत नाहीयेत ना एवढं बघा.