नागपुरात घराच्या गच्चीवरून तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो काढता येतो का? त्यासाठी मोठी दुर्बीण घ्यावी का?

काढता येतो, पण मोठी दुर्बीण घेऊ नका. ८० मिलिमीटरची छोटी रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, पुरे. उरलेले पैसे माउंटवर, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते त्या बैठकीवर घाला. पृथ्वी फिरत असल्यामुळे ४८० मिलिमीटर फोकल लेंथच्या दुर्बिणीतून साध्या डीएसएलआरवर तारा एका सेकंदात आठ-नऊ पिक्सेल सरकतो. त्याच्या मागे मागे फिरणारं इक्वेटोरियल माउंट नसेल, तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात.

हे माउंट ध्रुवाकडे रोखून लावावं लागतं आणि खरी अडचण इथेच आहे. नागपूरचा अक्षांश २१, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. उत्तरेला शेजारची इमारत किंवा पाण्याची टाकी आली, की तो झाकलाच. काहीही विकत घेण्याआधी एकदा रात्री गच्चीवर उभं राहून तो दिसतो का, ते बघा.

सुरुवात मृगातल्या तेजोमेघापासून करा, म्हणजे एम ४२. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखालीच तो आहे. डिसेंबर-जानेवारीत तो आपल्याकडे ६३ अंशांपर्यंत चढतो, शहराच्या उजेडाच्या बराच वर. शिवाय थंडीत सेन्सर तापत नाही. आपल्या मे महिन्यातल्या रात्री फोटोभर नुसते ठिपके येतात.

एकच लांब एक्स्पोजर देऊ नका, आकाशच पांढरं होईल. तीस-तीस सेकंदांचे शंभर-दोनशे फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या आणि सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा. दोन्ही फुकट मिळतात. फोटो चौपट केले, की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, निम्मा होतो. मधला ट्रॅपेझियमचा, म्हणजे तेजोमेघाच्या गाभ्यातल्या ताऱ्यांच्या छोट्या पुंजक्याचा, भाग तीस सेकंदांत जळून पांढरा पडतो, त्यासाठी पाच सेकंदांचे वेगळे घ्या आणि नंतर जोडा. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर या अमेरिकन खगोलछायाचित्रकाराने याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा ११ इंची दुर्बिणीवर ५१ मिनिटांचं एक्स्पोजर द्यावं लागलं होतं. आज आपल्या गच्चीवर त्याहून कितीतरी जास्त तपशील उमटतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

लाल रंग फिका आला तर तो तुमचा दोष नाही. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा उजेड कॅमेऱ्यातला फिल्टर बराचसा अडवतो. तो काढून घ्यायची घाई मात्र नको, एम ४२ तो न काढताही छान येतो.

अमावास्येच्या सुमारास सवड काढून पेंचला जाच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. पण ते वाघांचं जंगल आहे, रात्री कुठेही माउंट मांडता येत नाही. प्रकल्पाच्या कार्यालयात आधी विचारून मगच निघा.