एक वर्षाच्या मुलीला रंग खेळायला द्यायचेत, पण ती सगळं तोंडात घालते. काय द्यावं?

तोंडात घालणारच. म्हणून पोटात गेलं तरी चालेल असंच द्यायचं. मी पाळणाघर चालवते. आमचे रंग स्वयंपाकघरातूनच येतात.

दोन चमचे कॉर्नफ्लोअर कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर खळ शिजवा. गार झाल्यावर एका वाटीत बिटाचा रस, दुसरीत उकडलेल्या पालकाचा, तिसरीत चिमूटभर हळद. हळद पॅकबंदच घ्या, सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार सापडले आहेत. खळ त्याच दिवशी संपवायची. आंघोळीच्या आधी, नुसत्या लंगोटावर परातीसमोर बसवलं की निम्मं काम वाचतं. दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर दिसली तर बीट आठवा. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. कपडा धुऊन कडक उन्हात टाका, फिका पडतो.

मळायला काही हवं असेल तर मोदकाची उकड. कच्च्या कणकेत जंतू असू शकतात, आणि व्हिडिओत दाखवतात त्या मिठाच्या गोळ्यात इतकं मीठ असतं की थोडा खाल्ला तरी बाधतो. उकड शिजलेलीच असते. फक्त गोळा न देता ताटलीत चपटी थापून द्या, म्हणजे मोठा घास तोंडात कोंबता येत नाही.

पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलचे मणी घरातच आणू नका. गिळले तर आत फुगून आतडं अडवतात. शेंगदाणे, राजमा, वाटाणे भरलेले ट्रे फोटोत छान दिसतात, या वयाला नकोत. टबात चहाची गाळणी आणि वाटी दिली तरी मुलं रमतात, पण पाणी चार बोटंच असलं तरी फोन घ्यायलासुद्धा उठायचं नाही.

या वयात हात खांद्यापासून फिरतो, म्हणून कागद मोठा लागतो. एका बाजूने कोरी असलेली जुन्या कॅलेंडरची पानं टेपने जमिनीला चिकटवा. चित्राची अपेक्षा नको. पाच-सात मिनिटांत ती उठून जाईल, जाऊ द्या.

काही मुलांना चिकट लागलेलं अजिबात खपत नाही, रडतात. हात धरून बुडवू नका. तीच खळ झिपच्या पिशवीत भरा, तोंड टेपने पक्कं बंद करा आणि पिशवी फरशीला चिकटवा. वरून दाबत बसतील.