मंगल कार्यालयाला पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहून घ्यायचं

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलीचं लग्न फेब्रुवारीत पुण्यात ठरलंय, कार्यालयाचा मॅनेजर म्हणतो आजच ५० हजार रोख द्या, फॉर्म नंतर भरू, नाहीतर तारीख जाईल. आणि त्या फॉर्मच्या मागे छापलंय, 'भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' द्यावेत का?

आज ५० हजार देऊ नका. ५ हजार द्या, तेही बँकेतून किंवा यूपीआयने कार्यालयाच्या खात्यावर, आणि 'दोन दिवस तारीख राखून ठेवली' एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मॅनेजरची घाई खोटी नसते, चांगल्या मुहूर्ताला एका तारखेसाठी तीन-चार घरं फोन करत असतात. पण खरं गिऱ्हाईक आहे हे पटलं की दोन दिवस थांबतात. घरातल्या सात लग्नांची कार्यालयं मी ठरवली, त्यातल्या चार ठिकाणी असंच केलं आणि एकदाही तारीख गेली नाही.

त्या दोन दिवसांत फॉर्म घरी आणून सगळ्यांनी वाचा. सगळ्यात आधी बघायचं ते पैशाचं नाव. ॲडव्हान्स म्हणजे भाड्यातला भाग. अनामत म्हणजे मोडतोड, हरवलेली भांडी, जास्तीची वीज यासाठी ठेवलेली, हिशोब करून परत मिळायची रक्कम. या दोन रकमा वेगळ्या आहेत आणि पावत्याही वेगळ्याच हव्यात. हे मी नुकसान सोसून शिकलो. पुतणीचं लग्न मे २०२० मध्ये होतं. १ लाख ॲडव्हान्स आणि २५ हजार अनामत दिली होती, पण पावती एकच, 'ॲडव्हान्स १,२५,०००'. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, लग्न जूनमध्ये घरच्या घरी उरकलं. कार्यालयवाले म्हणाले, वर्षभरात दुसरी तारीख घ्या, पैसे परत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या मुलीसाठी दुसरी तारीख घेऊन आम्ही काय करणार होतो? २५ हजार तेवढे परत आले, तेही आठ महिन्यांनी, कारण बुकिंगच्या वेळच्या एका मेसेजमध्ये त्यांनीच 'अनामत' असा शब्द लिहिला होता. उरलेले १ लाख भावाने सोडून दिले. सोडायला नको होते. सरकारी बंदीमुळे करार पाळणंच अशक्य झालं तर तो रद्द ठरतो आणि घेतलेले पैसे परत करायचे असतात, हे करार कायद्याच्या कलम ५६ आणि ६५ मध्ये आहे. ते आम्हाला फार उशिरा कळलं.

'कोणत्याही कारणास्तव परत नाही' ही छापील ओळसुद्धा अंतिम नसते. त्याच कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई घेता येते. करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. तुम्ही सहा महिने आधी रद्द केलंत आणि तीच तारीख त्यांनी त्याच भाड्यात दुसऱ्याला दिली, तर त्यांचं नुकसान असं कितीसं झालं? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण लग्नघराला आयोगाच्या तारखा नकोत, म्हणून ओळ सहीआधीच बदलून घ्या. पेनाने खोडून, बाजूला लिहून, दोघांच्या सह्या केल्या तरी चालतं.

मी नेहमी तीन वाक्यं मागतो. आम्ही रद्द केलं आणि तारीख दुसऱ्याला गेली तर ठरावीक थोडी रक्कम कापून बाकी परत. घरात सुतक आलं किंवा गंभीर आजारपण आलं तर एकदा तारीख बदलून द्यायची, जादा आकार न घेता. आणि कार्यालयाने बुकिंग रद्द केलं तर पूर्ण रक्कम आणि ऐनवेळी दुसरीकडे जावं लागल्याचा फरक त्यांनी द्यायचा. हे तिसरं वाक्य छापील फॉर्मवर मला आजवर कुठेच दिसलं नाही. पहिल्या दोनवर घासाघीस होते, होऊ द्या.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. पुष्कळ कार्यालयं एखाद्या ट्रस्टची किंवा सोसायटीची असतात आणि चालवायला ठेकेदाराकडे दिलेली असतात. फेब्रुवारीपर्यंत त्याचा ठेका आहे का, हे विचारा. पावती नक्की कोणाच्या नावाची, ती सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हेही बघा. ठेकेदार बदलला आणि नवा म्हणाला 'तो व्यवहार माझा नाही', तर अडचण तुमच्या दारात येते.

रोखीचा आग्रह धरला तर साफ नाही म्हणा. एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, हप्ते पाडले तरीही. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो. सांगितलेल्या रकमेत तो धरलाय की वर लागणार, ते विचारा. अडीच लाखांवर ४५ हजार होतात, ही रक्कम शेवटच्या आठवड्यात कळली तर धावपळ होते. अनामतीवर मात्र जीएसटी लावू देऊ नका, ती परत यायची रक्कम आहे.

बाकी वेळ, वीज आणि बाहेरचा केटरर. हॉल आदल्या संध्याकाळी किती वाजता ताब्यात मिळणार, हळद आणि सीमांतपूजन त्याच भाड्यात का, दुसऱ्या दिवशी किती वाजता खाली करायचा. विजेचं मीटर रीडिंग आल्यावर आणि जाताना दोघांनी मिळून घ्यायचं, फोटो काढून. स्वतःचा आचारी किंवा डेकोरेटर आणला तर रॉयल्टी, म्हणजे त्याबद्दल कार्यालय घेतं ती रक्कम, किती, ते आकड्यात लिहून घ्या. लॉन असेल तर रात्री १० नंतर स्पीकर बंद, हे मुलाकडच्यांना आधीच सांगा.

मॅनेजरला आज हा मेसेज पाठवा: 'तारीख आम्हाला नक्की हवी आहे. ५,००० रुपये खात्यावर पाठवत आहे, ते भाड्यात धरावेत. दोन दिवस तारीख राखून ठेवावी. फॉर्म पाठवावा. ॲडव्हान्स आणि अनामत यांच्या पावत्या वेगळ्या लागतील.' त्याचं उत्तर काय येतं ते इथे लिहा. फॉर्मचा फोटो टाकलात, नाव-नंबर झाकून, तर मी ओळ न् ओळ वाचून सांगतो.